सोळा मिलिसेकंद गप्प बसण्याचं पेटंट

शिफ्ट रजिस्टर म्हणजे हातोहात माल पुढे देणारी रांग. क्लॉकचा ठोका पडला की प्रत्येक टप्प्याने आपल्याजवळचा बिट पुढच्याला द्यायचा आणि मागच्याचा आपण घ्यायचा, इतकंच तिचं काम. अभियांत्रिकीच्या पोरांना हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात. १९४४ साली ब्लेचली पार्कला चाललेल्या कोलॉसस यंत्रात ही रांग व्हॅक्यूम ट्यूब आणि थायरॅट्रॉनची होती. (ते यंत्र सत्तरच्या दशकापर्यंत सरकारी गुपित होतं, त्यामुळे पेटंटच्या हिशेबात इतकी वर्षं ते जणू नव्हतंच. जे लोकांपुढे आलं नाही ते पूर्वज्ञान ठरत नाही.) १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत कपॅसिटरच्या ओळीतून विद्युतभार पुढे ढकलणारी 'बकेट ब्रिगेड' निघाली. त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी सुचवला, आणि त्याबद्दल त्यांना २००९चं नोबेल मिळालं. एवढ्या मळलेल्या वाटेवर आज कोणी पेटंट मागायला आलं तर परीक्षकाच्या कपाळाला आठी पडणारच. तरी वर्गीकरणाच्या जी११सी १९/०० या खणात अर्ज पडतच असतात, आणि त्यांतले बरेच टीव्ही-मोबाइलचे पडदे बनवणाऱ्यांचे असतात.

अशा अर्जाचं परीक्षण कसं व्हावं यावर दोन टोकाची मतं आहेत. ती मी एका सुनावणीच्या रूपात मांडतो. एका बाजूला पेटंट कार्यालयातल्या नियंत्रक बाई, दुसऱ्या बाजूला अर्जदाराचा एजंट. सुनावणी कल्पनेतली, अर्जही कुणा एका कंपनीचा नव्हे. कायदा मात्र खरा, १९७०चा भारतीय पेटंट कायदा, ज्याचा कारभार महानियंत्रक मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून पाहतात. मधूनमधून मी तोंड घालणार आहे, कारण मला दोघांचंही अर्धंच पटतं.

आधी सर्किट. पडद्यावर १०८० आडव्या ओळी आणि त्या सेकंदाला ६० वेळा वरून खाली जागवायच्या, तर एका ओळीच्या वाट्याला जेमतेम १५ मायक्रोसेकंद येतात. पूर्वी या ओळींना, म्हणजे गेट लाइनना, सिग्नल द्यायला काचेच्या कडेला वेगळ्या चिप चिकटवत. पुढे पिक्सेलच्या ट्रान्झिस्टरांबरोबर त्याच काचेवर शिफ्ट रजिस्टरही छापू लागले. चिप वाचल्या, पडद्याची चौकट बारीक झाली. धंद्यात याला जीओए म्हणतात, गेट ड्रायव्हर ऑन अ‍ॅरे. अडचण अशी की काच फार तापवता येत नाही, म्हणून तिच्यावर बसतं ते अमॉर्फस सिलिकॉन. त्यात इलेक्ट्रॉनची चाल स्फटिकी सिलिकॉनपेक्षा हजारपटीने मंद, आणि पी जातीचा कामाचा ट्रान्झिस्टर मिळतच नाही. एन आणि पी जोडीने वापरणाऱ्या सीमॉसचं सुख नाही, सगळा संसार एन जातीवर. टप्प्याचा गाभा चार ट्रान्झिस्टरांचा. पहिला मागच्या टप्प्याचं आउटपुट घेऊन 'क्यू' नावाच्या बिंदूवर भार भरतो. दुसरा अंगाने सगळ्यांत दांडगा. त्याचं गेट क्यूवर, एक पाय क्लॉकवर आणि दुसरा पाय गेट लाइनवर. क्लॉक वर गेला की कपॅसिटरच्या जोडामुळे क्यूही वर उचलला जातो. पुरवठा २० व्होल्टचा धरला तर क्यू ३५च्या आसपास चढतो, दांडगा ट्रान्झिस्टर सताड उघडतो आणि ओळीला पूर्ण व्होल्टेज मिळतं. याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. पुढच्या टप्प्याचा इशारा आला की तिसरा क्यूला खाली ओढतो आणि चौथा ओळीला. हा ढाचा नव्वदच्या दशकातच पेटंटांत छापून आलेला आहे. १९९३ साली थॉमसन कंपनीला मिळालेलं अमेरिकी पेटंट याच कुळातलं.

नियंत्रक: मला यात गुंतागुंत दिसत नाही. क्लेम १ मध्ये, म्हणजे तुम्ही ज्यावर हक्क सांगता त्या पहिल्या कलमात, इनपुट ट्रान्झिस्टर आहे, आउटपुट ट्रान्झिस्टर आहे, आणि क्यूला व ओळीला खाली धरून ठेवणारं पुल-डाउन युनिट आहे. हे सगळं डी-वन मध्ये, म्हणजे मी पुढे केलेल्या पहिल्या जुन्या दस्तऐवजात, आहे. फरक एकच, डी-वन मध्ये पुल-डाउनचा एक संच आहे, तुमच्याकडे दोन आहेत आणि ते आलटून पालटून चालतात. कलम ३(एफ) काय सांगतं? ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक उपकरण दुसऱ्यापासून स्वतंत्रपणे आणि ज्ञात रीतीनेच काम करतं, ती कायद्याने शोधच नव्हे. एकाचे दोन केले, ही पुनरावृत्ती. ३(एफ) बाजूला ठेवलं तरी शोधाची पायरी कुठे आहे? बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटला तुम्हाला पाठ असेल. मिर्झापूरची भांडी. लेथवर भांडं एकाच बाजूने धरलेलं असे, ते उडून कामगाराला लागायचं. दुसऱ्या बाजूने टेकू दिला, आणि त्यावर १९५१चं पेटंट घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते टिकू दिलं नाही. टेकू द्यायची रीत लेथवाल्यांना आधीपासून ठाऊक होती, आणि कारखान्यातली सुधारणा म्हणजे शोध नव्हे. तुमचा दुसरा संच हा तसलाच टेकू आहे.

एजंट: मॅडम, ट्रान्झिस्टर मोजले तर तुमचं बरोबर आहे. पण हे सर्किट ट्रान्झिस्टर मोजून कळत नाही, टायमिंग डायग्राम वाचून कळतं. टीव्ही दिवसाला आठ तास चालू आहे असं धरा. १०८० ओळी आहेत, म्हणजे एका टप्प्याचं खरं काम, ओळ जागवण्याचं, दिवसभरात सत्तावीस सेकंदांच्या आत आटोपतं. उरलेले सात तास एकोणसाठ मिनिटं त्याने एकच करायचं, गप्प बसायचं. आणि तेच जमत नाही. कारण क्लॉक फक्त त्याच्या पाळीला येत नाही, सतत वाजत असतो, आणि त्या दांडग्या ट्रान्झिस्टरच्या पायावर येऊन आदळत असतो. दर ठोक्याला परजीवी कपॅसिटरमधून क्यू थोडा उचलला जातो. थोडा जास्त उचलला गेला की ओळ अवेळी जागी होते. ती जागी झाली की पुढचा टप्पा ते आपलं इनपुट समजतो. इथे एकाची चूक पुढच्याला आज्ञा वाटते, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत घाण होते. म्हणून क्यूला सतत खाली दाबून ठेवणारा पुल-डाउन लागतो. सतत म्हणजे त्याच्या गेटवर सतत धन व्होल्टेज. अमॉर्फस सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर अशा ताणाखाली थकतो, त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे उघडायला लागणारं व्होल्टेज, वर सरकत जातो, आणि एक दिवस राखणदारच झोपतो. डी-वन मध्ये हा प्रश्न विचारलेलासुद्धा नाही.

इथे मी थांबतो, कारण एजंटने नकळत सगळ्यांत मोलाची गोष्ट सांगितली. या जातीच्या शिफ्ट रजिस्टरमधली कल्पकता सरकवण्यात नाही, न सरकवण्यात आहे. फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, त्यातले पंधरा मायक्रोसेकंद जुन्या ज्ञानाचे, उरलेला सगळा वेळ नव्या दुखण्यांचा. क्लेम मात्र बहुधा उलटे लिहिलेले असतात: सरकवण्याची जोडणी अर्धं पान, आणि गप्प बसवण्याचं काम 'पुल-डाउन युनिट' या दोन शब्दांत. परीक्षकही तेच अर्धं पान जुन्या दस्तऐवजाशी ताडून पाहतो आणि सगळं जुनं आहे असं लिहितो. दोघेही सर्किटच्या चुकीच्या वेळेकडे बघत असतात. माझं म्हणणं एवढंच, की या अर्जाची पारख जोडणीच्या चित्रावरून करू नये. टप्पा रिकामा असताना काय बिघडतं, ते का बिघडतं हे कोणाला कधी ठाऊक होतं, आणि अर्जदाराने त्यातलं नेमकं काय दुरुस्त केलं, यावरून करावी. तशी केली तर पेटंट मिळण्याची शक्यता वाढते आणि त्याचा आवाका घटतो. दोन्ही बाजूंना ते रुचत नाही.

३(एफ)चा निकाल मात्र आधीच लागू शकतो. बाईंनी कलम वाचलं, पण त्यातल्या 'स्वतंत्रपणे' या शब्दावर त्या रेंगाळल्या नाहीत. टॉर्चला पेन जोडलं तर टॉर्च टॉर्चचं काम करतो, पेन पेनचं. शिफ्ट रजिस्टरच्या साखळीत एकही टप्पा असा स्वतंत्र नसतो. यावर बाई म्हणतील की मग कुठलंच शिफ्ट रजिस्टर ३(एफ)मध्ये बसणार नाही, अगदी पाठ्यपुस्तकातलंसुद्धा. हरकत रास्त आहे, पण ती कलमाची गरज संपल्याची हरकत आहे. पाठ्यपुस्तकातलं सर्किट नाकारायला नवीनतेची अट पुरेशी आहे, त्यासाठी ३(एफ) ताणायला नको. कलम ३(ओ)चंही तसंच. एकात्मिक सर्किटची टोपोग्राफी पेटंटबाहेर आहे, तिच्यासाठी २००० सालचा वेगळा कायदा आणि दहा वर्षांचं संरक्षण आहे. पण तो काचेवर थर कुठे कसे पसरले याचा प्रश्न, कोणता बिंदू कशाला आणि कधी जोडला जातो याचा नव्हे. खरी लढाई शोधाच्या पायरीवर आहे, म्हणजे कलम २(१)(जेए)वर: तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि शिवाय ती गोष्ट त्या विषयातल्या जाणकाराला उघड दिसणारी नसावी.

नियंत्रक: ठीक आहे, त्याच मैदानावर येते. थ्रेशोल्ड सरकतो हे तुम्ही शोधलंत का? नाही. अमॉर्फस सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सततच्या गेट व्होल्टेजने बिघडतो हे ऐंशीच्या दशकातल्या शोधनिबंधांत आहे. ताण काढला, किंवा उलटा दिला, की तो बराचसा सावरतो हेही आहे. हा माझा डी-टू. आता डी-वन हातात असलेला जाणकार घ्या. त्याला कळलं की पुल-डाउन थकतो. डी-टू सांगतं, विश्रांतीने तो सावरतो. तो काय करेल? दोन राखणदार ठेवेल, एक दिवसपाळी, एक रातपाळी. गिरणीच्या कामगाराला कळतं ते इंजिनिअरला कळणार नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केएसआर खटल्यात हेच सांगितलं, पेडल आणि सेन्सर एकत्र करण्याच्या बाबतीत. जाणकार माणूस यंत्रमानव नसतो, त्यालाही थोडीफार कल्पकता असते. शिवाय आज त्याच्याकडे सिम्युलेटर आहे. संध्याकाळी दहा जोडण्या टाकायच्या, सकाळी चालणारी उचलायची.

एजंट: पाळ्यांची उपमा छान आहे मॅडम, पण ती तुम्हाला आमचा अर्ज वाचल्यावर सुचली. अर्ज मिटून ठेवा आणि फक्त डी-वन, डी-टू बघा. पुल-डाउन थकतो म्हटल्यावर जाणकारापुढे किती रस्ते आहेत? ट्रान्झिस्टर रुंद करायचा, म्हणजे थकला तरी पुरे पडेल. व्होल्टेज कमी करायचं, म्हणजे सावकाश थकेल. त्याचं गेट क्लॉकवरच बांधायचं, म्हणजे निम्मा वेळ आपोआप विश्रांती. दुसरा संच घालणं हा त्यातला सगळ्यांत महागडा रस्ता, कारण चौकट बारीक करायला तर हे सर्किट काचेवर आणलं, आणि तुम्ही तिथे आणखी ट्रान्झिस्टर कोंबताय. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने १९८४ साली एक भेद केला, तो मला इथे हवा आहे. जाणकाराला हे करता आलं असतं का, हा प्रश्न नाही. त्याने ते केलं असतं का, हा प्रश्न आहे. आणि सिम्युलेटरचं म्हणाल तर तो काही मिलिसेकंदांचं वागणं दाखवतो, तेही ताज्या ट्रान्झिस्टरचं. थकवा हजारो तासांचा असतो. रात्रीत तो दिसत नाही.

आता उपमांविषयी. उपमेत कुठलाही शोध उघड दिसतो. पाळ्या, राखणदार, टेकू, बादल्यांची रांग. गोष्ट एकदा घरगुती भाषेत आणली की 'त्यात काय मोठंसं' हे वाक्य आपोआप तोंडावर येतं. पश्चातबुद्धीचा दोष परीक्षकांना प्रशिक्षणात शिकवतात, पण ती बहुतेक वेळा उपमेच्या दारानेच आत शिरते. एजंटही साधा नाही. 'राखणदारच झोपतो' ही उपमा त्याचीच, आणि ती दुखणं आहे त्याहून नाट्यमय करते. सुनावणीत दोन्हीकडच्या उपमा खाली ठेवाव्यात आणि दस्तऐवजांनी काय म्हटलं एवढ्यावर बोलावं, असं मला वाटतं. तसं केलं की दोघांच्या हातातलं बरंच गळतं. बाईंचा डी-टू प्रयोगशाळेतल्या एकेकट्या ट्रान्झिस्टरबद्दल बोलतो, सर्किटमध्ये कोणता ट्रान्झिस्टर आधी बळी पडेल यावर तो गप्प आहे. एजंटची 'सगळ्यांत महागडा रस्ता' ही ढालही तकलादू. रस्ता महाग आहे म्हणून तो उघड नव्हता असं होत नाही. जाणकाराने रस्ता खर्चासाठी टाळला असेल तर तो त्याला दिसला होता, हेच त्यातून निघतं. विश्रांतीने ट्रान्झिस्टर सावरतो हे छापलेलं असताना दोन संच आलटून पालटून चालवणं, एवढ्याच रुंदीच्या क्लेमवर मी तरी पेटंट दिलं नसतं. इथवर बाई जिंकल्या.

पण अर्जात आणखी काही आहे, आणि ते वर्णनाच्या पोटात आहे, क्लेममध्ये नाही. दोन संचांना चालू-बंद करणाऱ्या दोन तारा आहेत. एक वर असते तेव्हा दुसरी खाली. काही सेकंदांनी अदलाबदल. साधा डिझायनर इथे काय करेल हे सांगायला फार बुद्धी लागत नाही: एक सिग्नल आणि त्याचा उलटा. एकाच क्षणी ही खाली, ती वर. कागदावर अंतर शून्य. पण तार वर जाणं म्हणजे संच जागा होणं नव्हे. तार आणि राखणदार ट्रान्झिस्टरचं गेट यांच्यामध्ये प्रत्येक टप्प्यात एक छोटा इन्व्हर्टर असतो, तोही त्याच मंद सिलिकॉनचा. खाली जाणारा संच झटकन सुटतो, वर येणारा भार भरत भरत सावकाश उठतो. मधल्या क्षणी क्यूला कोणीच धरलेलं नसतं, आणि क्लॉक तर चालूच आहे. पडदा नवा असतो तेव्हा ही फट इतकी छोटी की काही बिघडत नाही. इन्व्हर्टर जसजसा म्हातारा होतो तसतशी फट रुंदावते. म्हणजे राखणदाराचं आयुष्य वाढवण्यासाठी केलेली सोय पडद्याच्या उतारवयात स्वतःच नवं दुखणं होते. अर्जदाराने केलेला उपाय असा: येणारी तार आधी वर न्यायची, दोन्ही संच काही काळ एकदम चालू ठेवायचे, मग जाणारी खाली आणायची, आणि हा एकत्र काळ म्हाताऱ्या इन्व्हर्टरच्या हिशेबाने ठरवायचा.

नियंत्रक: तुम्ही वर्णनाच्या बेचाळीसाव्या परिच्छेदातली ओळ दाखवताय. क्लेममध्ये ती नव्हती.

एजंट: आता घालतो. कलम ५९ आम्हाला तेवढी मुभा देतं. वर्णनात उघड केलेलं आहे, आणि नवा क्लेम जुन्या क्लेमच्या कुंपणाच्या आतच राहतो.

नियंत्रक: कुंपणाच्या आत राहील, पण तो सर्किटचा क्लेम राहील का? क्लेमचा विषय शिफ्ट रजिस्टर आहे, म्हणजे वस्तू. तारा कधी वर न्यायच्या हा वस्तू वापरण्याचा प्रश्न झाला. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने १९९० सालीच बजावलं आहे, की उपकरणाच्या क्लेममध्ये उपकरण काय आहे ते मोजायचं, ते काय करतं ते नव्हे. तुमच्या काचेवरचे ट्रान्झिस्टर आणि डी-वन अधिक डी-टू करून उभी राहणारी काच, दोन्ही समोर ठेवल्या तर फरक दिसणार नाही. फरक आहे तो टायमिंग कंट्रोलरमध्ये, आणि ती चिप दुसराच कोणी बनवतो. मग पेटंट मोडलं कोणी? काच विकणाऱ्याने, चिप विकणाऱ्याने, की दोन्ही जोडून टीव्ही विकणाऱ्याने?

बाईंचा हा प्रश्न सगळ्या सुनावणीत सर्वांत कठीण, आणि एजंट लोक तो टाळण्यासाठीच 'युनिट', 'मॉड्यूल' अशा फुगीर शब्दांकडे पळतात. मला वाटतं उत्तर वस्तूची व्याख्या नीट करण्यात आहे. स्थिर चित्र म्हणजे सर्किट नव्हे. याच चार ट्रान्झिस्टरांना दुसऱ्या क्लॉकवर बांधलं तर बूटस्ट्रॅपिंगच होत नाही. तारा त्याच, यंत्र वेगळं. तेव्हा 'वेळ' हा वापरण्याच्या सूचनेचा भाग आहे असं या जातीच्या सर्किटबद्दल म्हणता येत नाही. तरीही क्लेम काचेपुरता ठेवला तर बाईंचा आक्षेप लागू पडतो, म्हणून क्लेम काचेचा नकोच. तो पडदा-संचाचा असावा: काचेवरचं रजिस्टर आणि त्याला दोन नियंत्रण-सिग्नल पुरवणारं सर्किट, दोन्ही मिळून, असं की अदलाबदलीच्या वेळी दोन्ही सिग्नल ठरावीक काळ एकत्र वर राहतात. मग जोडून विकणारा जबाबदार, सुटी काच किंवा सुटी चिप विकणारा मोकळा. एजंटचा अशील यावर कुरकुरेल, कारण खटला भरायला काच बनवणारी बडी कंपनी सोयीची असते. पण सोय हा क्लेम रुंद करण्याचा आधार नाही. कलम १०(५) म्हणतं, क्लेम वर्णनात उघड केलेल्या गोष्टीवर रास्तपणे आधारलेला हवा. उघड केलं आहे एकत्र काळाचं गणित, तर क्लेमही तेवढाच.

यावर आणखी एक आक्षेप येतो, तो बाईंच्या बाजूचा, पण दोन्हीकडचे लोक तो खासगीत मान्य करतात. अशी चिमूटभर पेटंटं देत गेलात तर त्यांचं रान माजेल. एकेका पडद्यावर कितीतरी अरुंद पेटंटं, आणि नव्या कारखानदाराने प्रत्येकाची परवानगी काढत फिरायचं. रान माजतं हे खरं, पण ते अरुंद पेटंटांमुळे माजतं हे मला पटत नाही. अरुंद पेटंटाला वळसा घालता येतो. 'क्यूला खाली धरणारं युनिट' असल्या क्लेमला वळसा नसतो, कारण तो दुखण्यावर मालकी सांगतो, औषधावर नाही. आणि दुखणी बदलत असतात. अमॉर्फस सिलिकॉननंतर पडद्यांत इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर आले. त्यांची चाल दहापट बरी, पण दुखणं निराळं: गेटवर शून्य व्होल्ट असतानाही ते पुरते बंद होत नाहीत, क्यूवरचा भार गळत राहतो. त्यावर लोकांनी आणखी खालचं दुसरं व्होल्टेज आणलं, दोन ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ लावले. हे वेगळं निदान, वेगळं औषध. पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षांची. युनिटवाला रुंद क्लेम दिला असता तर सिलिकॉनच्या थकव्यावर काम केलेल्या माणसाने ऑक्साइडच्या गळतीवर काम करणाऱ्याकडून वर्षानुवर्षं पट्टी वसूल केली असती, आणि गळती हा शब्दही त्याच्या अर्जात नसता.

उलट बाजूचीही एक गोष्ट बाईंनी ऐकून घ्यावी. हीच एकत्र काळाची युक्ती आज नव्याने दाखल झाली तर ती उघड ठरू शकेल, आणि दोन संचांचं तंत्र नवखं असताना दाखल झालेल्या अर्जात ती ठरणार नाही. तुलना अर्जाच्या अग्रक्रम-तारखेशी होते, सुनावणीच्या तारखेशी नव्हे. परीक्षक मात्र सुनावणीच्या तारखेला बसलेला असतो, आणि त्याच्या शोध-यंत्रात मधल्या वर्षांचं सगळं उपलब्ध असतं. २०२४च्या नियमदुरुस्तीने परीक्षणाची विनंती करायची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली. अर्ज आणि सुनावणी यांच्यातलं अंतर त्याने थोडं कमी व्हावं. पण वेगाने जुन्या होणाऱ्या विषयात दोन-तीन वर्षंसुद्धा पुष्कळ असतात. दोन संच असलेल्या सर्किटमध्ये अदलाबदलीच्या क्षणी काय होतं, यावर त्या तारखेच्या आधीचा एकही दस्तऐवज बाईंनी समोर ठेवलेला नाही. डी-वन मध्ये दुसरा संचच नाही, डी-टूमध्ये सर्किटच नाही. जिथे प्रश्नच नोंदलेला नाही तिथे उत्तर उघड होतं असं म्हणायला पुरावा लागतो, आणि तो द्यायची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्याची.

नियंत्रक: समजा मी एवढा अरुंद क्लेम मान्य केला. स्पर्धकाने तो मोडला हे तुम्ही सिद्ध कसं करणार? काचेच्या कडेला मायक्रोनमध्ये मोजायचे ट्रान्झिस्टर आहेत, त्यांच्या आतल्या गेटला प्रोब लावणार?

एजंट: आतल्या गेटला लावायची गरज नाही मॅडम. क्लेम आता दोन तारांबद्दल बोलतो, आणि त्या तारा बोर्डावरून पट्टीच्या केबलने काचेत जातात. टीव्हीचं मागचं झाकण काढायचं, त्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोपचे दोन प्रोब ठेवायचे आणि अदलाबदलीची वाट बघायची. काही सेकंदांत ती होते. त्या क्षणी दोन्ही रेषा थोडा वेळ एकदम वर दिसल्या तर तो आमच्या क्लेमच्या आत आला.

नियंत्रक: आणि त्याने क्लॉक थांबवून, दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या वेळात, एक तार पूर्ण खाली आणून मग दुसरी वर नेली तर?

एजंट: तर रेषा एकदम वर दिसणार नाहीत.

नियंत्रक: मग तो मोकळा. तसं लेखी निवेदनात लिहून द्या, आणि 'युनिट' हा शब्द सगळीकडून काढा.